एकसष्ट

“बाई, मला एकसष्ट पडलेत आन् त्या आरती शेटेला शून्य. तरी तिला घेतलं, मला न्हाई. यादी उलटी लागलीय का?”

कन्या वसतिगृहाच्या कचेरीच्या दारात एक मुलगी उभी होती. पायात टायरच्या चपला, खांद्याला खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, आणि वजनात मारलं गेल्याचं लक्षात आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा. साल चौऱ्याऐंशी, जूनचा शेवटचा आठवडा, दुपारचे दोन. डबा नुकताच उघडला होता.

तिची चूक म्हणता येत नव्हती. बाहेरच्या फळ्यावर यादी लावलेली होती. निवड झालेल्या आठ मुली वर, न झालेल्या तेवीस खाली, आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. वरच्या आठजणींचे आकडे शून्य, दोन, दोन, तीन असे चढत गेलेले. तळाशी, सगळ्यात शेवटी, मथुरा बांडे, मुक्काम खडकुंबे, एकसष्ट. दहा वर्षं शाळेत काढलेल्या कुठल्याही मुलीला ते गुणच वाटणार. पण चौदा वर्षांत खालच्या नावांपैकी कुणी विचारायला आलं नव्हतं. खालची नावं यादी वाचायची आणि मिळेल त्या गाडीने परत जायची.

“ते मार्क नाहीत,” तिला सांगितलं.

“मग?”

“स्वपरिचयात ‘मी’ किती वेळा आलं, ते आहे.”

मथुराने मागे फळ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, “ते कशाला मोजायचं?”

आता हे तिला समजावून सांगायचं म्हणजे खांबेटे सर समजावून सांगायला हवेत.

खांबेटे सर वसतिगृहाचे अध्यक्ष. निवृत्त हेडमास्तर, वय सत्तरच्या पुढे, धुतलेल्या धोतराइतका स्वच्छ माणूस. माणसाचं सगळं वाटोळं मीपणाने होतं, असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्यांनी ते स्वतःपासून अमलात आणलं होतं. ते ‘मी’ म्हणत नसत. चहा नको असेल तर “इकडे चहा नको आहे” म्हणत. एकदा दवाखान्यात जाऊन त्यांनी “दोन दिवस ताप आहे” असं सांगितलं. डॉक्टरांनी “कुणाला?” विचारलं, तर म्हणाले, “या देहाला.” त्यांच्या घरच्या बाई हसून सांगायच्या, लग्नाला होकारसुद्धा “हरकत नसावी” असा आला होता.

त्यांच्या आधी वसतिगृहात पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या चालत. चिठ्ठी असलेली आत, नसलेली बाहेर. चौदा वर्षांपूर्वी सरांनी अध्यक्ष झाल्यावर ते बंद केलं. अर्जासोबत प्रत्येक मुलीने एक पान स्वपरिचय लिहायचा. त्यातले मी, मला, माझे, माझ्या लाल पेन्सिलीने गोल करून मोजायचे आणि आकडा कोपऱ्यात लिहायचा. सगळ्यात कमी आकड्याच्या आठजणी आत. पान वाचायचं नाही. वाचलं की मन एकीकडे झुकतं, असं सर म्हणत. दोन पुढाऱ्यांना त्यांनी त्यांच्या पुतण्यांचे आकडे दाखवून परत पाठवलं होतं. गावात त्यांना मान होता तो उगाच नव्हता.

मोजायचं काम कचेरीत बसणारीचं. याच वसतिगृहात राहून कॉलेज झालं आणि लगेच सरांनी इथेच ठेवून घेतलं. पद अधीक्षिकेचं, काम कारकुनाचं, राहायला फाटकाजवळची खोली. हे एवढं कौतुक कशाचं, ते खुर्चीच्या वरच भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. सात वर्षांपूर्वीचं एक पान, आणि खाली सरांच्या टपोऱ्या अक्षरात: ‘आदर्श स्वपरिचय. कु. कुंदा आगटे. मी – २.’ रोजचा डबा त्या पानाखाली बसून खाल्ला जायचा.

यातलं निम्मं मथुराला सांगून झालं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

“मग हे कुनी ठरवलं?”

“समितीने.”

“समिती कुठं बसती?”

“इथेच.”

“इथं तर तुम्हीच हायेत.”

“निर्णय घेण्यात आलेला आहे, मथुरा. आता त्यात बदल होत नाही.”

“कुनी घेतला, त्येच तर विचारतेय.”

तिने पिशवी खाली ठेवली. लगेच जाण्याचा विचार दिसत नव्हता. खडकुंब्याला दहावीपर्यंतसुद्धा शाळा नाही, ती डोंगर उतरून खालच्या गावात जायची. इथल्या कॉलेजसाठी वसतिगृह मिळालं तरच पुढचं शिक्षण. घरात आजोबा होते, अर्धं अंग वाऱ्याने गेलेले. त्यांच्याजवळ राहायला तिने आत्याला बोलावून घेतलं होतं.

“आत्या म्हनाली, आजच्याला नक्की सांग. न्हाईतर ती उद्याच्याला भातलावणीच्या टोळीबरोबर जानार. ती गेली का चार महिनं येत न्हाई. मग मी कॉलेजात कशी येनार?”

“दुसरं कुणी नाही घरात?”

“हाय ना. मी हाय.”

कपाटातून तिचा कागद काढला. निदान डोळ्यांनी पाहिल्यावर पटेल, असा हिशेब. पान सगळं लाल गोलांनी भरलं होतं. मोजताना दोन मिनिटं लागली होती आणि आकडा पाहून हसूसुद्धा आलं होतं. चौदा वर्षांतला उच्चांक. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

आता तिच्यासमोर ते पान पहिल्यांदा वाचलं.

‘मी चार वाजता उठते. मी विहिरीवरून तीन हंडे पाणी आणते. मी आजोबांना उठवून बसवते. मी त्यांचे तोंड धुते व मी त्यांना भरवते. मी शेळी सोडते. मी शाळेत जाते. मी दोन वेळा ओढ्यात पडले पण मी दप्तर भिजू दिले नाही. मला गणित कोणी शिकवले नाही. मी ते पुस्तकावरून केले. मला गणितात चौऱ्याहत्तर गुण मिळाले. मी आजोबांना सांगितले तेव्हा त्यांनी चालत्या हाताने मांडीवर टाळी वाजवली.’

असं सगळं पान. एकसष्टच होते. मोजणीत चूक नव्हती.

“किती वेळा ‘मी’ लिहिलंस बघ.”

“बगितलं. खोटं हाय का त्यात?”

“खोटं नाही. पण थोडं आजोबांबद्दल लिहायचं. दुसऱ्यांबद्दल.”

“लिहिलंय की. मी भरवते म्हनून. त्यात आजा बी हाय आन् मी बी हाय.” मग जरा नरमाईने म्हणाली, “चांगला कसा असतो ते तरी दाखवा. एखादा असंल ना?”

होता. डोक्यावरच होता. खुर्चीवर चढून चौकट खाली काढली आणि तिच्या हातात दिली. तिने परकराला हात पुसून ती धरली आणि शाळेत उभं राहून वाचतात तशी मोठ्याने वाचायला लागली.

‘आमच्या अंगणात चाफ्याचे झाड आहे. आई पहाटे उठून सडा घालते. काकू सर्वांच्या वेण्या घालते. बाबा न चुकता पोथी वाचतात. दादा शाळेत सायकलवरून सोडतो. शेजारच्या आजी औषध देतात. अशा या सर्वांच्या कष्टांवर मला शिकायचे आहे. मी त्यांच्या ऋणात राहीन.’

वाचून झाल्यावर मथुराने पान पुन्हा एकदा वरून खाली पाहिलं.

“हे तुम्ही लिवलं?”

“नाव आहे ना खाली.”

“छान हाय. आई उठती, काकू येनी घालती, दादा सोडतो.” ती खरोखरच शोधत होती. “यात तुम्ही काय करता?”

सात वर्षं ते पान भिंतीवर होतं. तपासनीस आले, देणगीदार आले, एकदा कलेक्टरीणबाई येऊन गेल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे कुणी विचारलं नव्हतं.

“दे इकडे,” म्हटलं, आणि चौकट घेऊन पुन्हा खुर्चीवर चढले. कान तापले होते. खिळ्याला दोरी नीट अडकवण्याआधीच हात सोडला, आणि चौकट टेबलाच्या कडेवर आपटून फरशीवर पडली. काचेचे तुकडे डब्यापर्यंत उडाले.

त्याच वेळी दारात छत्री टेकवल्याचा आवाज झाला. खांबेटे सर तीनला यायचे. त्या दिवशी अडीचलाच आले.

“काय झालं?”

“काच फुटली, सर.”

“कशी?”

“खिळा सैल झाला होता.”

हे तोंडातून सहज निघालं. या कचेरीत सगळं असंच व्हायचं. नळ गळायचा, पत्र राहून जायचं, भाजी लागायची, खिळा सैल व्हायचा. कुणी काही करत नसे. मथुराने वर पाहिलं. मग ती शांतपणे खुर्चीवर चढली, खिळा दोन बोटांत धरून हलवून पाहिला आणि खाली उतरली.

“खिळा घट्ट हाय,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. डोंगरावर घरातली मोडतोड तीच दुरुस्त करत असणार, तेव्हा तपासून सांगितलं, इतकंच.

सर खिळ्याकडे बघत होते. मथुरा सरांकडे बघत होती. कुठे बघावं ते कळेना.

“मी फोडली,” मी म्हणाले.

शब्द कचेरीत जरा मोठाच वाटला. सरांनी भुवया वर केल्या. आता एकदा तोंड उघडलंच होतं.

“आणि सर, हे पान मी लिहिलेलं नाही.”

“म्हणजे?”

“देवचके मास्तरांनी सांगितलं, मी उतरवून घेतलं. मामाने मला त्यांच्या शिकवणीला घातलं होतं. एक महिना. तुमची पद्धत त्यांना ठाऊक होती. शून्य संशयास्पद दिसेल, दोन ठेवा, असं मास्तर म्हणाले. ते दोन कुठे टाकायचे तेही त्यांनीच सांगितलं. शेवटच्या दोन वाक्यांत.”

“आणि चाफ्याचं झाड?”

“आमच्याकडे अंगण नाही, सर.”

सर खुर्चीत बसले. काचेचा एक तुकडा त्यांच्या चपलेखाली करकरला.

“अजून चालते ही शिकवणी?”

“बाजारपेठेत पाटी आहे. यंदाच्या आठपैकी सहा मुली त्यांच्याच. आता चढाओढ वाढलीय, म्हणून शून्यावर आले.”

“कचेरीला हे कधीपासून माहीत आहे?”

“कचेरीला नाही, सर. मला माहीत आहे. सात वर्षं.”

“आणि सांगण्यात आलं नाही.”

“मी सांगितलं नाही. मला नोकरी जाईल असं वाटलं. आताही वाटतंय.”

सरांनी वाकून फरशीवरचं माझं पान उचललं, काच झटकली, आणि ते वाचलं. मग टेबलावरचं मथुराचं पान ओढून घेतलं. चष्मा लावला. मी त्यांना माझी मोजणी पडताळताना पुष्कळदा पाहिलं होतं. मोजताना त्यांची पेन्सिल ओळीवरून टिपत जायची. या वेळी पेन्सिल टेबलावर होती आणि ओठ हलत होते. त्यांनी पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मग मधलीच एक ओळ पुन्हा वाचली.

“दप्तर कसं भिजलं नाही?” त्यांनी विचारलं.

“डोक्यावर धरलं,” मथुरा म्हणाली. “मी पडले, पन हात वर ठिवले.”

“हं.” सरांनी चष्मा काढला. “पण जागा आठच आहेत. आठ मुलींना कळवण्यात आलेलं आहे. त्या मुलींचा काय दोष?”

हे खरं होतं. आरती शेटेने फक्त मास्तरांनी सांगितलं ते लिहिलं होतं. मीही तेच केलं होतं, आणि माझ्यामुळे त्या वर्षी नवव्या नंबरची कोण बाहेर राहिली ते मी कधी जुनी वही उघडून पाहिलं नव्हतं. आज ते पाहायची इच्छा झाली आणि धीर झाला नाही.

“माझ्या खोलीत दुसरी खाट बसते,” मी म्हणाले. “मी मोजून पाहिलेली नाही, पण बसते. कपाट बाहेर काढलं की. ती माझ्याजवळ राहील. तिची जबाबदारी मी घेते. आणि मला काढायचं असेल तर नवी अधीक्षिका येईपर्यंत तरी राहू द्या, म्हणजे तिची तेवढी सोय होईल.”

एका दमात ‘मी’ किती वेळा झालं ते सरांनी मोजलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी लाल पेन्सिल घेतली. एकसष्टच्या आकड्याखाली, कोपऱ्यात, दोन ओळी लिहिल्या आणि कागद मथुराकडे सरकवला.

पुढचं आताच सांगून टाकते. मला काढलं नाही. मोजणी त्या वर्षीपासून बंद होऊन मुलाखती सुरू झाल्या, आणि त्याबरोबर चिठ्ठ्या पुन्हा येऊ लागल्या, हेही खरं. देवचके मास्तरांनी पाटी बदलून ‘मुलाखतीची तयारी’ अशी केली. मथुरा दोन वर्षं माझ्या खोलीत राहिली, आणि सांगायला हवं की ती भयंकर ‘मी मी’ करायची. मी टाकी धुतली, मी स्वयंपाकीणबाईंना ताप होता तर चाळीस भाकऱ्या थापल्या, मी गणितात पहिली आले. सकाळी चारला उठून हे सगळं ती मला ऐकवायची. मी उशी कानावर घ्यायचे. कधीकधी वाटायचं, सर अगदीच चुकत नव्हते. टाकी मात्र खरोखर धुतलेली असायची, आणि वसतिगृहात काही फुटलं तर ‘मी फोडलं’ हे सांगायला एक मुलगी आपणहून यायची. काही महिन्यांनी दोघी यायला लागल्या. तिचे आजोबा त्या मार्गशीर्षात गेले. ती चार दिवसांनी परत आली आणि म्हणाली, “मी होते तिथं.” एवढं एकच वाक्य ती त्यावर बोलली. मी तेव्हा उशी घेतली नाही.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मथुराने कागद उचलला आणि सरांनी लिहिलेल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या.

“‘वाचले. जागा देण्यात यावी.’”

मला वाटलं, ती उड्या मारेल. मी स्वतः जवळजवळ मारल्याच होत्या. ती तिथेच उभी राहिली, कागद धरून.

“कुनी वाचलं?”

“मथुरा,” मी म्हणाले, “झालं तुझं काम. जागा मिळाली.”

“न्हाई बाई, आत्या विचारील ना. आमच्या घरात असला एक कागद हाय. आजाला कुबडी देन्यात येईल, असं लिवलंय. शिक्का बी हाय. तीन वर्सं झाली. आजा रोज इचारतो, कोन देनार हाय, तर नाव सांगता येत न्हाई.” तिने कागद पुन्हा टेबलावर ठेवला, सरांच्या समोर, उद्धटपणा नाही, काही नाही. “आत्या म्हनंल, ह्यो बी तसलाच. ती टोळीबरोबर जाईल. म्हनून विचारते. कुनी वाचलं? आन् जागा कोन देनार?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. दर वेळी अशा प्रसंगी मी “समिती” म्हणायचे, किंवा “संस्था”. या वेळी मी फरशीवरची काच गोळा करायला घेतली.

स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं घासत होतं. सरांनी घसा साफ केला. कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. सही केली. पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट. तरी ती मुलगी हलेना. तिला सही नको होती. सही त्या कुबडीच्या कागदावरही असणार.

“आत्याला सांग,” सर म्हणाले, आणि थांबले. वृद्ध माणूस उंच पायरी उतरताना थांबतो, तसे थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“आत्याला सांग, खांबेटे मास्तर आहेत. त्यांनी... ”

“तुम्ही न्हवं ते?” मथुराने विचारलं.

“हो.”

“मग?”

सरांनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

“मी,” ते म्हणाले. “मी वाचलं. जागा मी देतोय.”

मथुराने मान हलवली, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि पाचची गाडी गाठायला निघाली. माझा हात इतक्या वर्षांच्या सवयीने लाल पेन्सिलीकडे गेला, पण ती अजून सरांच्याच हातात होती.